भाव एकच, काटे अनेक

घानामध्ये कोको विकायला निघालेल्या शेतकऱ्याला भाव विचारावा लागत नाही. हंगाम उघडताना सरकार भाव जाहीर करतं, रेडिओवरून तो गावोगाव पोचतो आणि पुढची घोषणा होईपर्यंत तोच चालतो. टोगोच्या सीमेवरचं गाव असो, आयव्हरी कोस्टच्या बाजूची रानातली वाडी असो, बंदराजवळ असो की डांबरी रस्त्यापासून कोसभर आत, एका पोत्याचे पैसे सगळीकडे सारखे. सप्टेंबर २०२३ मध्ये ते १,३०८ सेडी होते, एप्रिल २०२४ मध्ये २,०७०, त्याच वर्षी सप्टेंबरात ३,००० आणि नोव्हेंबरात ३,१००. खरेदीदाराने यापेक्षा एक सेडीही कमी देता कामा नये. जास्त देणंही त्याला परवडत नाही, कारण टनामागे त्याच्या पदरात किती पडणार हेसुद्धा सरकारच ठरवतं.

भाव ठरलेला, मग माल कुठे घालायचा याचा एवढा विचार तो काय करायचा, असं कुणालाही वाटेल. जवळचा काटा गाठायचा, पैसे घ्यायचे, घरी यायचं. पण घानाच्या कोको पट्ट्यातल्या बऱ्याच गावांत तीन-चार कंपन्यांच्या खरेदीच्या खोल्या असतात, आणि दारासमोरची खोली ओलांडून गावाच्या दुसऱ्या टोकाला पोतं नेणारे शेतकरी तिथे नवलाचे नाहीत. त्या चालण्यामागे पक्का हिशेब असतो. व्यवहारातून भावच काढून घेतला तर विकणारा माणूस कशाकशाचा विचार करतो, हे बघायला याहून चांगली जागा सापडणं अवघड आहे. या विषयाने मला धरून ठेवलं ते त्यामुळेच.

आधी व्यवस्था समजून घेऊ. घानात अंदाजे आठ लाख कुटुंबं कोको पिकवतात. बहुतेकांची बाग दोन-चार हेक्टरची आणि उत्पन्न हेक्टरी चार-पाचशे किलोच्या आसपास. म्हणजे दोन हेक्टरवाल्याच्या घरात वर्षाकाठी साधारण तेरा ते सोळा पोती निघतात. त्यांचा सगळा माल शेवटी एकाच दारात जातो. त्या दाराचं नाव कोकोबॉड, म्हणजे सरकारी कोको मंडळ. परदेशी विक्री मंडळाच्या कंपनीमार्फत होते. गावातून माल उचलण्याचं कामही पूर्वी पीबीसी या एकाच सरकारी कंपनीकडे होतं. १९९२-९३ पासून तेवढा टप्पा खुला झाला आणि परवाना घेतलेल्या खासगी कंपन्या गावात उतरल्या. भाव मात्र मंडळाने आपल्या हातात ठेवला.

गावात कंपनीचा चेहरा म्हणजे तिचा खरेदी कारकून. सगळे त्याला ‘पीसी’ म्हणतात. कंपनीच्या गावातल्या खरेदी केंद्राला तिथे ‘सोसायटी’ म्हणतात. पीसी बहुधा त्याच गावचा असतो, स्वतःही कोको पिकवतो आणि त्याला पगाराऐवजी पोत्यामागे कमिशन मिळतं. कंपनीचा नफा टनामागे ठरलेला असल्यामुळे तिला कमाई वाढवायचा एकच मार्ग उरतो. हंगामात हाती आलेलं भांडवल जास्तीत जास्त वेळा फिरवायचं. आज पैसे गावात गेले, माल गोळा झाला, ट्रक टेमा किंवा टाकोराडी बंदराकडे निघाला, मंडळाकडून पैसे सुटले की पुन्हा गावात. त्यामुळे वरच्या कंपनीपासून गावातल्या पीसीपर्यंत सगळ्यांना पोती हवीत, आणि लवकर हवीत. भावाची चढाओढ बंद केली म्हणून चढाओढ थांबली नाही, ती दुसऱ्या वाटांनी सुरू झाली.

त्या वाटांवर शेतकऱ्याचं वजन पडतं ते त्याने माल कसा तयार केला यावरून. फळं झाडावरून काढून फोडली की आत पांढऱ्या, गोडसर गरात लगडलेल्या बिया मिळतात. घानाचा शेतकरी त्या केळीच्या रुंद पानांवर ओतून ढीग करतो, वरूनही पानं झाकतो आणि साधारण सहा दिवस ठेवतो. मधे दोनदा ढीग उलटून घेतो. आत आंबण्याची उष्णता पंचेचाळीस-पन्नास अंशांपर्यंत चढते, गर वितळून निथळतो, बी मरते आणि तिच्यात ते सारं घडतं ज्याच्यामुळे पुढे चॉकलेटला चॉकलेटची चव येते. कारखान्यात कितीही भाजलं तरी ही कसर भरून निघत नाही. जगाच्या चॉकलेटची चव आधी एका शेतात, केळीच्या पानाखाली ठरते, हे कळल्यावर कुठल्याही वेष्टनाकडे मी पूर्वीसारखं बघू शकलेलो नाही.

मग वाळवण. बांबूच्या चटया कमरेएवढ्या उंचीवर पसरलेल्या असतात. त्यांवर बिया आठवडाभर उन्हात राहतात, कुणीतरी सारखं हाताने चाळवत असतं आणि चाळवता चाळवता चपट्या, मोड आलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या बिया वेचून काढत असतं. पाऊस आला की चटई गुंडाळायची, उघडला की पसरायची. माल झाला की नाही हे कानाने कळतं. मूठभर बिया दाबल्या की कोरडी कुरकुर ऐकू यायला हवी. पीसीही हेच करतो, पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचा माल वर काढतो आणि मुठीत दाबून ऐकतो. ओलावा साडेसात टक्क्यांच्या वर असेल तर पुढे बुरशी धरते. पुढे दर्जा तपासणाऱ्या सरकारी खात्याची माणसं नमुन्याच्या तीनशे बिया सुरीने उभ्या चिरतात आणि मोजतात. बुरशीच्या शंभरात तीनपेक्षा जास्त निघाल्या तर पहिला दर्जा गेला. आंबण कमी पडल्याने पाटीच्या दगडासारखा करडा रंग राहिलेल्या बियांनाही तीच मर्यादा. इथे नापास झालेलं पोतं पीसीच्या माथ्यावर येतं, म्हणून तो घेतानाच चोखंदळ असतो.

या तयारीचा एक आडवा परिणाम फार मोलाचा आहे. ओली बी एका दिवसात खराब व्हायला लागते, वाळलेली बी घरात बरेच दिवस आरामात राहते. केरळात बरेच कोको शेतकरी ओल्या बियाच विकतात. त्यांना त्याच दिवशी येणारा व्यापारी गाठावा लागतो, उद्यापर्यंत थांबायची सोय नसते. घानाचा शेतकरी दोन आठवडे खपून माल वाळवतो तेव्हा त्याच्या हाती चव तर येतेच, सोबत ‘आज नको, परवा बघू’ असं म्हणण्याची ताकदही येते. पुढे जे काही घडतं ते या ताकदीवर.

आता काटा. भाव पोत्याचा आहे आणि पोतं म्हणजे गोणपाटासकट ६४ किलो. अशी सोळा पोती झाली की निव्वळ एक टन. भावात हात घालता येत नसेल तर हात घालायची जागा वजन हीच. काट्याची स्प्रिंग जराशी घट्ट करून ठेवली, शून्यावरची सुई केसभर मागे ढकलली की पोत्यामागे दोन किलो कुणाच्या डोळ्यांदेखत आणि कुणाला न दिसता निघून जातात. आपल्याकडे ऊसवाला ज्याला काटामारी म्हणतो, तीच. पंधरा पोत्यांवर दोन-दोन किलो गेले तर तीस किलो, म्हणजे जवळपास अर्धं पोतं. २०२४ च्या नोव्हेंबरच्या भावाने ते सुमारे १,५०० सेडी होतात. सरकारने जाहीर केलेला भाव कागदावर तसाच राहतो, शेतकऱ्याच्या हातातला भाव मात्र उतरतो. कोको पट्ट्यात शेतकऱ्यांना त्यांची पहिली तक्रार विचारली की काट्याचं नाव निघतं.

म्हणून शेतकरी काट्यांची परीक्षा घेतात. घरी मोजलेलं एक पोतं या खोलीत नेऊन बघायचं, दुसरं त्या. शेजाऱ्याशी पडताळायचं. काही जण आपल्या शरीराचं वजन माहीत असल्यामुळे आधी स्वतः काट्यावर उभे राहतात. कुठल्या पीसीचा काटा ‘खरा’ आहे ही बातमी गावात भावाच्या बातमीपेक्षा जपून सांगितली जाते. पण इथेही सरळ हिशेब नसतो. एखाद्याचा काटा किलोभर खातो हे ठाऊक असूनही शेतकरी त्याच्याकडेच माल घालतो, कारण तो पैसे जागेवर देतो. खऱ्या काट्याचा पीसी म्हणतो, ‘पोतं ठेवून जा, गाडी आली की पैसे.’ किलोभराचं नुकसान मोठं की पंधरा दिवसांचा उशीर मोठा, हे त्या शेतकऱ्याच्या घरात त्या आठवड्यात काय चाललं आहे त्यावर ठरतं.

रोख पैशाच्या या ओढीला मोठा इतिहास आहे. सरकारी कंपनीची मक्तेदारी असताना १९७० च्या दशकात शेतकऱ्याला पैशांऐवजी चिठ्ठी मिळायची. चिठ्ठी घ्यायची आणि पैसे येण्याची वाट बघायची. मधल्या मधे बरंच काही व्हायचं. त्यावर उपाय म्हणून १९८२ मध्ये ‘अकुआफो चेक’ आला, शेतकऱ्याच्या नावाचा सरकारी धनादेश. अफरातफर कमी झाली, पण धनादेश वटवायला बँक हवी, बँक तालुक्याच्या गावी, तिथे रांग, आणि रांगेच्या टोकाला कधी कधी बँकेतच रोकड नाही. नव्वदच्या दशकात खासगी कंपन्या नोटांच्या थैल्या घेऊन गावात आल्या तेव्हा शेतकरी त्यांच्याकडे का वळले, हे यावरून उमगतं. मार्सेला विग्नेरी आणि पाउलो सांतोस या दोन अभ्यासकांनी २००७ मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला होता. भावाची स्पर्धा नसताना बाजार खुला करून शेतकऱ्याला मिळालं काय? त्यांच्या मांडणीतही रोख पैसा वेळेवर हाती पडणं याला मोठी जागा आहे.

रोखीच्या पुढची पायरी म्हणजे उचल. मुख्य हंगाम साधारण ऑक्टोबरात सुरू होतो. त्याआधीचे जुलै, ऑगस्ट हे हात आखडलेले महिने. मुलांच्या शाळेची फी, बुरशीवर फवारणी, गवत काढायला मजुरी, आणि कुणाचं निधन झालं तर अकान समाजात अंत्यविधीला होणारा मोठा खर्च. त्या वेळी जो पीसी शंभर-दोनशे सेडी काढून देतो, त्याच्या खोलीत ऑक्टोबरची पहिली पोती जातात. कोकणातल्या हापूसवाल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. मोहोर धरायच्या आधी वाशीच्या दलालाकडून उचल घेतली की एप्रिलमध्ये पेट्या कुठे जाणार हे ठरूनच जातं. फरक एवढा, की आंबा अडत्याच्या गाळ्यावर गेल्यावर त्याला काय भाव पडेल ते पट्टी येईपर्यंत कळत नाही. घानाच्या शेतकऱ्याला भाव आधीच माहीत असतो. त्यामुळे उचलीच्या बदल्यात भाव पाडला जात नाही, निदान उघडपणे तरी नाही. पीसीला व्याजाऐवजी पोत्यांची खात्री मिळते.

शिवाय लहानमोठं बरंच काही असतं. कुणी हंगामाअखेर साबणाच्या वड्या, कोयते, गमबूट वाटतं, कुणी खत उधारीवर देतं, कुणी पोत्यामागे छोटा बोनस. पीसी चुलतभाऊ असेल, एकाच चर्चमध्ये जात असेल, त्याच्या घरच्या मयताला आपण आणि आपल्या घरच्या मयताला तो उभा राहिला असेल, तर त्याची खोली ओलांडून पुढे जाणं सोपं नसतं. बाहेरच्या माणसाला हे नातेसंबंधांचं दडपण वाटेल. मला त्यात शहाणपण दिसतं. जो माणूस उद्याही याच गावात राहणार आहे, ज्याची आई आपल्या आईला ओळखते, तो पैसे बुडवून कुठे जाईल? लेखी करार नसलेल्या जागी नातं हीच हमी.

आणि म्हणूनच जाणते शेतकरी सगळा माल एकाच्या पदरात टाकत नाहीत. आठ पोती नात्यातल्या पीसीला, चार बोनस देणाऱ्याला, दोन तिसऱ्याला. तिसऱ्याला का? तर पुढच्या ऑगस्टमध्ये पहिल्याकडे पैसे नसले तर त्याच्या दारात जाता यावं. प्रत्येक कंपनीचं पासबुक वेगळं, त्यात किलो आणि पैशांच्या नोंदी. एखाद्या घरात तीन पासबुकं असणं म्हणजे तीन दारं उघडी ठेवणं.

विकायचं कोणी ठरवायचं हाही पदर आहे. पुष्कळ बागा मालक स्वतः करत नाही, वाट्याने लावतो. ‘अबुसा’ पद्धतीत राखणाऱ्याला तिसरा हिस्सा, ‘अबुनू’त निम्मा. पासबुक मालकाच्या नावावर असेल तर राखणाऱ्याने काट्याची कितीही पारख केली तरी शेवटचा शब्द त्याचा नसतो. बायकांचं तर विचारूच नका. वेचणं, ढीग लावणं, बिया चाळवणं यांत त्यांचे हात सतत असतात, पण बाग पुरुषाच्या नावावर आणि अकानांमध्ये वारसा आईच्या कुळातून जाणारा, त्यामुळे नवरा गेला की त्याने लावलेली बाग त्याच्या भाच्याकडे जायची आणि विधवा रिकाम्या हाताने उरायची. १९८५ च्या वारसा कायद्याने बायको-मुलांचा हक्क मान्य केला, त्यामागे कोकोच्या बागांचे हे तंटे मोठं कारण होतं.

काट्यावरचा अविश्वास हा एका वेगळ्या प्रयोगाचाही पाया ठरला. १९९३ मध्ये, खरेदी खुली होताच, मंडळावर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असलेले नाना फ्रिंपाँग अब्रेब्रेसे आणि त्यांच्यासोबतच्या शेतकऱ्यांनी विचार केला की कंपन्या येणार असतील तर एक आपलीच का नसावी? बावीस गावांच्या सोसायट्यांनी ‘कुआपा कोकू’ ही सहकारी संस्था उभी केली. ब्रीद होतं ‘पा पा पा’, उत्तमातलं उत्तम. त्यांनी पहिली गोष्ट केली ती अशी, की वजन करणारा माणूस कंपनीने नेमायचा नाही, गावाने निवडून द्यायचा. काटा ज्याच्या हातात, त्याला गावच्या सभेत उत्तर द्यावं लागेल. पुढे न्याय्य व्यापाराच्या प्रमाणपत्रामुळे भावाच्या वर जादा रक्कम मिळू लागली, तिच्यातून विहिरी, शाळा, दळणाच्या गिरण्या झाल्या. १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये ‘डिव्हाइन’ नावाची चॉकलेट कंपनी निघाली, तिच्यात शेतकऱ्यांच्या या संस्थेची भागीदारी होती. बी पिकवणाऱ्याच्या मालकीचं चॉकलेट दुकानात दिसणं, ही त्या काळात किती दुर्मीळ गोष्ट होती याचा अंदाज बांधणंही कठीण आहे.

हे सगळं वाचताना एक गोष्ट माझ्या मनात ठळक होत गेली. या शेतकऱ्यांना बाजार कुणी शिकवलेला नाही. घानात कोको गोऱ्या मळेवाल्यांनी वाढवला नाही. १८७९ च्या सुमारास टेटे क्वार्शी नावाचा लोहार फर्नांडो पो बेटावरून बिया घेऊन आला, त्याने मांपाँगला झाडं लावली, तिथून शेतकऱ्यांनीच पैसे जमवून, गट करून, दूरच्या रानात जमिनी विकत घेत बागा पसरवल्या. १९११ पर्यंत हा मुलूख जगातला सर्वांत मोठा कोको उत्पादक झाला होता. पॉली हिल या अभ्यासिकेने १९६३ च्या पुस्तकात हे गावोगावच्या नोंदींनिशी दाखवून दिलं. तोवर या लोकांना परंपरेने चालणारे भोळे शेतकरी समजलं जायचं. हिल यांनी त्यांना भांडवल गुंतवणारी, पिढीचा हिशेब करणारी माणसं म्हणून ओळखलं.

त्यांची सर्वांत मोठी निवड मात्र वेगळीच होती. न विकण्याची. १९३७ मध्ये युनायटेड आफ्रिका कंपनी आणि कॅडबरीसह डझनभर युरोपीय कंपन्यांनी आपसात करार केला. कोणी किती माल घ्यायचा याचे वाटे ठरले, म्हणजे भावासाठी एकमेकांशी झुंजायची गरज नाही. खरेदीचा जवळजवळ सगळा बाजार त्यांच्या हाती होता. बातमी फुटली आणि गोल्ड कोस्टच्या, म्हणजे तेव्हाच्या घानाच्या, शेतकऱ्यांनी माल घरात कोंडून ठेवला. गावोगाव राजांच्या सांगण्यावरून घंटा वाजवून दवंडी दिली गेली. कोको विकायचा नाही आणि कंपन्यांच्या दुकानांतला विलायती मालही घ्यायचा नाही. साऱ्या हंगामभर, १९३८ च्या एप्रिलपर्यंत, बाजार गोठलेला राहिला. लंडनहून विल्यम नॉवेल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग आला, त्याने कंपन्यांच्या कराराविरुद्ध मत दिलं. पाठोपाठ महायुद्ध लागलं, ब्रिटिश सरकारने सगळा कोको स्वतः विकत घ्यायला सुरुवात केली, आणि त्याच व्यवस्थेतून १९४७ मध्ये कोको मंडळ जन्मलं. आज रेडिओवर जाहीर होणाऱ्या एकाच एका भावाची मुळं त्या कोंडलेल्या पोत्यांपर्यंत जातात. आणि पोती कोंडता आली ती माल वाळलेला होता म्हणून.

एकाच भावाचं दुसरं तोंड सीमेवर दिसतं. टोगोत सरकार भाव बांधत नाही. आयव्हरी कोस्टमध्ये बांधतं, पण तो आकडा घानापेक्षा वेगळा आणि चलन फ्रँक, जे युरोला जखडलेलं. सेडी घसरली की सीमेपलीकडचं तेच पोतं जास्त किमतीचं होतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत असंच झालं. १९६४-६५ मध्ये साडेपाच लाख टनांच्या वर गेलेलं उत्पादन १९८३-८४ मध्ये जेमतेम १,५९,००० टनांवर आलं. त्यात दुष्काळ होता, वणवे होते, म्हाताऱ्या बागा होत्या, आणि रात्री पलीकडे गेलेला मालही होता. उलटंही घडलं आहे. २०१०-११ मध्ये आयव्हरी कोस्ट निवडणुकीनंतरच्या यादवीत सापडला तेव्हा तिकडचा कोको इकडे आला आणि घानाने पहिल्यांदा दहा लाख टनांचा आकडा ओलांडला. कायद्याने ही तस्करी आहे. सीमेवरच्या शेतकऱ्याला मात्र पलीकडचा काटाही गावातल्याच काट्यांपैकी एक वाटतो, कारण तिकडे त्याची मावशी राहते.

२०२४ मध्ये या व्यवस्थेची कसोटी लागली. पश्चिम आफ्रिकेत पिकं पडली, झाडांवर सुजऱ्या फांदीचा विषाणू, पाऊस वेडावाकडा, सोन्याच्या बेकायदा खाणींनी बागा खाल्लेल्या. जगात भाव भडकले, एप्रिलमध्ये टनाला ११,००० डॉलरच्या पुढे, डिसेंबरमध्ये १२,००० च्याही वर. घानाचं मंडळ येणाऱ्या पिकाचा मोठा भाग वर्षभर आधीच विकून ठेवतं. भाव पडले तर हीच पद्धत शेतकऱ्याला वाचवते, चढले तर तीच त्याला मागे ठेवते. त्या साली मंडळ जुन्या, स्वस्त भावात माल देऊन बसल्यासारखं झालं आणि द्यायला माल पुरेसा नव्हता. मध्य आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये भाव मोकळा. तिथल्या शेतकऱ्याला किलोला ५,००० फ्रँकच्या वर मिळत असताना आयव्हरी कोस्टमधल्या शेतकऱ्याला बांधलेले १,५०० मिळत होते, आणि दोन्ही फ्रँकची किंमत सारखीच. घानातून २०२३-२४ च्या हंगामात दीड लाख टनांहून जास्त कोको सीमेपार गेल्याचा अंदाज मंडळाने मांडला. दरवर्षी परदेशी बँकांकडून हंगामासाठी घेतलं जाणारं कर्जही १९९२ नंतर प्रथमच २०२४-२५ साठी घेतलं गेलं नाही. खरेदीदारांनीच आधी पैसे ओतावेत असं ठरलं. त्यामुळे ज्या पीसीच्या मागे मोठी कंपनी त्याच्याकडे रोकड, आणि लहान देशी कंपन्यांच्या खोल्यांत पोती ठेवून वाट बघणं. गावातल्या निवडीचं गणित लंडनच्या बाजारात आणि बँकांच्या कागदावर असं बदलतं.

कुणी म्हणेल, मग भाव मोकळाच असावा. पण कॅमेरूनच्या शेतकऱ्याने त्याआधीची अनेक वर्षं जगाचा पडलेला भावही तसाच अंगावर घेतला होता. बांधलेला भाव त्या पडत्या वर्षांत आधार देतो, आणि दोन हेक्टरवाल्याला आधाराची किंमत आपल्याला वाटते त्याहून जास्त असते, असं मला वाटतं. मात्र तो आधार टिकायचा तर काटा खरा हवा आणि पैसे त्याच दिवशी हवेत.

आता एक नवा खरेदीदार या खोल्यांमध्ये डोकावतो आहे, आणि तो कोको विकत घेत नाही, माहिती घेतो. युरोपीय संघाने २०२३ मध्ये कायदा केला की २०२० नंतर जंगल तोडून लावलेल्या बागेतला कोको तिकडे येऊ द्यायचा नाही. कायद्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, तरी तयारी सुरू झाली. प्रत्येक पोत्यासोबत ते कुठल्या बागेतून आलं याचा नकाशावरचा ठिपका हवा. घानाच्या मंडळाने लाखो शेतकऱ्यांची नोंद करून त्यांच्या बागा मोजल्या, ओळखपत्रं दिली. मोठ्या चॉकलेट कंपन्यांचे कार्यक्रमही नोंदणी करतात, छाटणी शिकवतात, रोपं देतात आणि नोंदलेल्या शेतकऱ्याला पोत्यामागे जादा रक्कम देतात. भाव एकच असण्याच्या नियमाला पडलेलं हे कायदेशीर भोक आहे.

ती रक्कम मिळवायची तर माल त्या कार्यक्रमाशी जोडलेल्या सोसायटीतच घालावा लागतो, आणि ती हातात पडते हंगाम संपल्यावर, कधी बरंच नंतर. इथे जुना हिशेब पुन्हा उभा राहतो. तीन पासबुकांत पोती वाटून तीन दारं उघडी ठेवणाऱ्या शेतकऱ्याला आता एकाच दाराशी बांधून घ्यावं लागतं. ऑगस्टमध्ये फीचे पैसे देणारा पीसी त्या कार्यक्रमात नसेल तर काय? वाट्याने केलेल्या बागेचा ठिपका मालकाच्या नावावर पडला, तर राखणाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याला जादा रक्कम लागू होते का? भावाभावांत वाद चालू असलेल्या बागेचं मोजमाप कुणाच्या नावावर करायचं? मापणाऱ्या माणसाच्या फोनवर या रकान्यांना जागा नसते. त्यामुळे बरेच शेतकरी सध्या जे करतात ते असं. दोन कार्यक्रमांत नाव घालतात, निम्मी पोती जादा रकमेसाठी ठरलेल्या खोलीत नेतात आणि उरलेली निम्मी, काटा किलोभर खात असला तरी, त्या पीसीकडे, जो पोतं उतरवताच नोटा मोजायला घेतो.